सुट्टीतली छोटी गाडी : १८४ मिमी गेजच्या रुळांच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत मुलुंडच्या एका शाळेच्या मैदानावर बसून फिरता येईल अशी गाडी चालवायची, हे पक्कं झालं. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १८४ मिमी (सव्वासात इंच). नमुना नेरळ-माथेरानचा. तिथलं गेज ६१० मिमी, चढ २० ला १ आणि १९०७ सालापासून वळणांवर वळणं. आपल्याकडे डोंगर नाही, पण वळण घट्ट आहे, त्यामुळे तिथले बरेच प्रश्न इथेही येणार.

मैदानात मोकळी जागा ३६ बाय २४ मीटर. आखणी अशी : १० मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आणि मध्ये १२-१२ मीटरचे दोन सरळ भाग. एक फेरा ८६.८ मीटर. पॅनेल म्हणजे रुळांचे सुटे जोडायचे तुकडे. सरळ पॅनेल ३ मीटरची, आठ. वळणाची बावीस, प्रत्येक अर्धवर्तुळात अकरा. एकवीसमध्ये वळण बसवता आलं असतं, पण मग बाहेरचा रूळ ३०२१ मिमी भरतो आणि सहा मीटरच्या पट्टीतून दोन निघत नाहीत. बावीस केल्यावर बाहेरचा २८८४, आतला २८२८. एका पट्टीतून दोन्ही निघून २८८ मिमी तुकडा उरतो आणि त्यातून १०० मिमीच्या दोन फिशप्लेटा (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) होतात.

या वर्षी सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) नाही. एकच गाडी, एकच दिशा. सांध्यातल्या फटीत चाक अडकतं ते वेगळं दुखणं, ते पुढच्या वर्षी बघू.

१७ ऑगस्ट, शनिवार

दारूखान्यातून (मुंबईतला लोखंडबाजार) लोखंड आणलं.
– २५ × १० मिमी एमएस पट्टी, ६ मीटरच्या ३१ : साधारण ३६५ किलो
– २५ × २५ × २ मिमी चौकोनी पाइप, २२ नग : १९० किलो

प्रत्येक पॅनेलला ११ स्लीपर (रुळांखालचे आडवे पाइप), म्हणजे एकूण ३३०. स्लीपरची लांबी ४०० ठरली होती ती ३९५ केली. ४०० धरली तर करवतीची जाडी धरून एका पाइपमधून चौदाच निघतात, ३९५ ला पंधरा. पाच मिलिमीटरने दोन पाइप वाचले.

नागदेवी स्ट्रीटवरून ६००४ नंबरची बेअरिंग ३६ (३२ लागतील, चार जादा), २० मिमी ब्राइट बार आणि ८ मिमी बोल्ट. चाकांसाठी १४० मिमी गोल सळीचे काप लेथवर दिले : पृष्ठभागाचा व्यास १२०, फ्लॅंज (चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली कड) १३६, फ्लॅंजची जाडी ५, जोडीतल्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १७१. म्हणजे सरळ रुळावर एकूण ३ मिमी खेळ. वळणावर गेज १८७ ठेवणार, खेळ ६. चाकाची रुंदी फ्लॅंज धरून २२ मिमी आहे, त्यामुळे चाक एका बाजूला पूर्ण सरकलं तरी समोरचं चाक १० मिमीच्या रुळावर पूर्ण टेकलेलं राहतं. कागदावर हे आधी करून बघायलाच हवं. गेज मनाने वाढवलं की चाक रुळाच्या आत पडतं.

२५ ऑगस्ट, रविवार

पहिली तीन सरळ पॅनेल वेल्ड केली, तिन्ही वाकडी निघाली. रूळ २५ मिमी उंच आणि वेल्ड त्याच्या पायाशी. वेल्ड थंड होताना आकसतो तो फक्त खालच्या बाजूला, म्हणून पॅनेल मध्ये उचललं जातं आणि टोकं खाली जातात. तीन मीटरला ७ मिमी फुगवटा आला. शिवाय फक्त बाहेरून वेल्ड केल्याने रुळाचा माथा बाहेर कलला आणि वर गेज १८६ झालं, खाली १८४.

जिग (वेल्डिंगला पॅनेल धरून ठेवणारा साचा) बदलली. आता पॅनेल मध्यभागी ६ मिमी खाली दाबून, क्लॅम्प लावून मगच वेल्डिंग. आधी आतून १० मिमीचा टाका, मग बाहेरून २० मिमीचा. क्रम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाही : मधला स्लीपर, मग दोन्ही टोकं, मग उरलेले एकाआड एक. २.५ मिमी रॉड, ७५ अँपियर. क्लॅम्प हाताला गार लागेपर्यंत सोडायचा नाही. या पद्धतीने पुढची दोन पॅनेल १ मिमीच्या आत सरळ आली. पहिली तीन कापून पुन्हा केली.

एक पॅनेल १९ किलोच्या आसपास. दोघांनी उचलायचं.

१ सप्टेंबर, रविवार

वळणाची पॅनेल. पट्टी १० मिमी जाडीच्या अंगाने वाकते, त्यामुळे तीन रोलरच्या हातमशिनीवर काम सहज होतं. तपासायला साच्याची गरज नाही : एक मीटर दोरी रुळाच्या आतल्या कडेला टोकाटोकांवर ताणून धरायची, मध्यभागी दोरी आणि रूळ यांत १२.५ मिमी अंतर यायला हवं. ११ ते १४ चालवून घेतलं, त्याबाहेरची पट्टी परत मशिनीत.

पट्टीची शेवटची १५० मिमी टोकं रोलरमध्ये वाकत नाहीत, सरळच राहतात. जोडावर मग कोपरा तयार होतो आणि चाक तिथे दर वेळी ठोका देतं. टोकं व्हाइसमध्ये धरून पाइपच्या तरफेने हाताने वाकवली. कंटाळवाणं काम आहे, ८८ टोकं. पण ते टाळलं तर गाडी वळणावर दर तीन मीटरला हिसका देते, आणि तो बसणाऱ्याच्या कमरेत जाणवतो.

७ ते १७ सप्टेंबर गणपती. काम बंद.

२२ सप्टेंबर, रविवार

फिशप्लेट एका रुळाच्या टोकाला बाहेरून वेल्ड, अर्धी पुढे. पुढच्या पॅनेलचा रूळ तिला एका बोल्टने बसतो. प्लेटमधलं भोक ९ × १४ मिमी लांबट, लोखंड तापल्यावर सरकायला जागा म्हणून. जोडात १.५ मिमी फट.

बोल्टचं डोकं आत होतं. चाक फिरवून बघितलं तर प्रत्येक जोडावर टण् आवाज. फ्लॅंज रुळाच्या माथ्याखाली ८ मिमी जातो, म्हणजे पायापासून १७ मिमीवर येतो. बोल्ट मधोमध असल्याने त्याचं १३ मिमीचं डोकं १९ मिमीपर्यंत पोचतं. सगळे आतले बोल्ट बदलून रुळात गाडून बसणारे काउंटरसंक घेतले, ३५ मिमी लांब, नट बाहेर.

पाइपच्या स्लीपरची टोकं उघडी ठेवू नयेत. मुंबईच्या हवेत पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. खुर्चीच्या पायाला घालतात ते २५ मिमीचे प्लास्टिक बूच ६६० आणून ठोकले. रेड ऑक्साइडचे दोन हात. रुळाचा माथा कोरा.

२९ सप्टेंबर, रविवार

मैदानावर आठ पॅनेल जोडून पहिली चाचणी. डबा एक, हाताने ढकलून. दहा फेऱ्यांत तीनदा घसरला, तिन्ही वेळा पाचव्या जोडापाशी, आणि तिन्ही वेळा रिकामा असताना. वाळूची पोती ठेवल्यावर एकदाही नाही.

साहजिकच पहिला संशय गेजवर गेला. गेज तिथे १८४.५, अगदी बरोबर. मग गेजपट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून दर ३०० मिमीला दोन रुळांतला उंचीचा फरक लिहून काढला. जोडाअलीकडे डावा रूळ २ मिमी वर, जोडापलीकडे ४ मिमी खाली. म्हणजे १.२ मीटरमध्ये ६ मिमी पीळ. डब्याच्या दोन बोगींमधलं (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींमधलं) अंतर नेमकं १.२ मीटर. चासी ४० मिमी चौकोनी पाइपची, ती पिळत नाही. त्यामुळे एका कोपऱ्यातलं चाक हवेत उचललं जातं, फ्लॅंजची ८ मिमी धरून ठेवण्याची ताकद २ मिमीवर येते आणि चाक रुळावर चढतं. भरलेल्या डब्यात वजनाने जमीन, फळी, चासी सगळंच थोडं दबतं आणि चाक टेकलेलं राहतं, म्हणून रिकामा डबा आधी घसरतो.

दोन उपाय, आणि दोन्ही करायचे :

डब्यात. पुढच्या बोगीवरचे बाजूचे दोन टेकू काढले, मध्ये बॉल जॉइंट. आता ती बोगी डाव्या-उजव्या बाजूला मोकळी डोलते. मागच्या बोगीचे टेकू तसेच, त्यामुळे डबा तीन बिंदूंवर उभा राहतो. तीन पायांचं स्टूल कुठेही डगमगत नाही, त्याच न्यायाने. मागच्या बोगीचे टेकू मात्र चुकूनही काढायचे नाहीत, नाहीतर डबा आडवा होईल.

रुळात. जोड दोन स्लीपरच्या मध्ये लोंबकळतो आणि एकाच बोल्टमुळे तिथे बिजागरासारखा खाली वाकतो. प्रत्येक जोडाखाली दोन्ही टोकांचे स्लीपर टेकतील अशी १२ मिमी मरीन प्लायची फळी, ४५० × ३०० मिमी. एकूण तीस फळ्या. लागेल तिथे फळीखाली ३ आणि ६ मिमीचे प्लायचे काप. नियम ठरवला : १.२ मीटरमध्ये ३ मिमीपेक्षा जास्त पीळ राहिला तर गाडी सुरू करायची नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

जिग, वेल्डिंग मशीन आणि इंजिनाची पूजा. इंजिन आज पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर हललं.

इंजिनात दोन बोगी, प्रत्येकीवर २४ व्होल्ट २५० वॅटची गिअर असलेली डीसी मोटर. सायकलची चेन, मोटारीवर ९ दाते, अ‍ॅक्सलवर १२. वेग ताशी ५ किमी, म्हणजे फेरा एक मिनिटाचा. १२ व्होल्ट ६५ अँपिअर-तासाच्या दोन बंद बॅटऱ्या. ओतायच्या ॲसिडच्या बॅटऱ्या मुलांच्या गाडीत नकोत. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कंट्रोलरपाशी नव्हे. वायर घासून शॉर्ट झाली तर ती फ्यूजच्या पुढे व्हायला हवी. हँडलवर दाबून धरायचं बटण : हात सुटला की करंट बंद.

वजनाचा हिशोब. तीन डबे प्रत्येकी ५५ किलो, प्रत्येकात जास्तीत जास्त १६० किलो माणसं. इंजिन १०० किलो भरलं. ते कमी पडणार होतं, म्हणून व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्या ५० किलोच्या, बोगींच्या वर अर्ध्या-अर्ध्या. आता पूर्ण गाडी ७९५ किलो. लोखंडी चाकं आणि असे तात्पुरते रूळ यांना वजनाच्या २ टक्के ओढ धरली तर १५६ न्यूटन. इंजिनाची पकड कोरड्या रुळावर २० टक्के धरून २९४.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पूर्ण फेरा अंथरला. प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी करतात तशी, मैदानाची पातळी घेतली. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मैदानाला उतार आहेच : ३२ मीटरला २१० मिमी. सर्वांत तीव्र जागा ९० ला १. तिथे आणखी ८७ न्यूटन लागतात, एकूण २४३. कोरड्यात चालतं, फार उरत नाही. चढावर कंट्रोलरने २२ अँपिअर दाखवले, सपाटीवर १३-१४.

कॅण्ट, म्हणजे वळणावर बाहेरच्या रुळाला उंची, दिला नाही, मुद्दाम. १० मीटर वळणावर या वेगाला बाहेरचा रूळ फक्त ४ मिमी उंच लागतो. तो उतरवताना जो पीळ येईल, तो त्या चार मिलिमीटरच्या फायद्यापेक्षा महाग पडतो.

२० ऑक्टोबर, रविवार

ब्रेकची चाचणी. प्रत्येक डब्यात ४० किलोची चार पोती. फक्त इंजिनाचा ब्रेक लावला तर गाडी ५.६ मीटरवर थांबली, इंजिनाची चाकं लॉक होऊन घसरत. इंजिन सगळ्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून कमी, ते एकटं ७९५ किलो थांबवू शकत नाही. शेवटच्या डब्यावर गार्डचा हातब्रेक बसवला : सायकलची लिव्हर आणि केबल, स्कूटरच्या लायनरचे तुकडे रिव्हेट केलेले ब्लॉक. दोन्ही मिळून २.४ मीटर. मर्यादा ३ मीटर ठेवली.

माथेरानच्या गाडीतही वर्षानुवर्षं डब्यांवर ब्रेकमन असत आणि इंजिनाच्या शिटीवर हातब्रेक फिरवत. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर ती गाडी बंद झाली आणि त्यानंतर एअर ब्रेक आले. आपल्या लहानशा गाडीला गार्ड पुरेसा आहे, पण गार्ड नसताना गाडी हलवायची नाही. एक शिटी थांबा, दोन निघा, तीन धोका. शिटी वाजल्यावर गार्डने विचारत बसायचं नाही, ब्रेक ओढायचा.

डब्यांची जोडणी साखळीने केली होती, ती काढली. थांबताना मागचे डबे पुढच्यावर आपटतात. १२ मिमी सळईचा दांडा, दोन्हीकडे पिन, शिवाय सैल सुरक्षासाखळी.

२७ ऑक्टोबर, रविवार

डबा उलटण्याची चाचणी. ही सगळ्यांनी नीट वाचावी.

वळणावर वेगाने डबा उलटेल ही भीती निराधार आहे. ताशी ५ किमीला १० मीटर वळणावर बाजूचा जोर वजनाच्या २ टक्के, उलटायला १९-२० टक्के लागतो. धोका माणसांच्या झुकण्यात आहे. रुळाच्या मध्यापासून चाक टेकतं ते अंतर ९७ मिमी. तीस-तीस किलोची चार मुलं एकाच बाजूला १५० मिमी, म्हणजे वीतभराहूनही कमी झुकली, तर सगळ्या डब्याचा भारमध्य १०३ मिमीवर जातो. पोती तशी सरकवून बघितली. डबा आडवा झाला, थांबलेला असताना.

चार मुलं एकदम एका बाजूला कधी झुकतात? बाहेरून आईबाबा मोबाइल धरून "इकडे बघ!" म्हणतात तेव्हा.

बदल : बाक ३०० वरून २६० मिमी उंचीवर. दोन्ही बाजूंच्या पायफळ्यांखाली ४० × ५ मिमी पट्टी, मध्यापासून १७० मिमीवर आणि स्लीपरच्या वर १२ मिमी अंतर राखून. डबा कलला की पट्टी स्लीपरच्या टोकावर टेकते आणि तिथेच थांबतो. पुन्हा पोती सरकवली, टेकला, उलटला नाही. फोटो फक्त फलाटावर, गाडी उभी असताना.

पदर आणि ओढणी. बाकापासून पायफळीपर्यंत ६ मिमी प्लायचा पडदा दोन्ही बाजूंना लावला, चाकं आता दिसतच नाहीत. तरीही बसण्याआधी पदर खोचून, ओढणी गाठ मारून, हे फलाटावरच्या स्वयंसेवकाने प्रत्येकीला सांगायचं. प्रत्येकीला.

२ आणि ३ नोव्हेंबर, पाडवा आणि भाऊबीज

सामान न्यायला छोटा हत्ती दोनदा लागला. रूळ एका खेपेत, इंजिन-डबे दुसऱ्या. अंथरायला सहा जणांना पावणेतीन तास, त्यातला दीड तास फक्त पातळी लावण्यात गेला.

संध्याकाळी साडेचार ते आठ. दोन फेरे, माणसांचं चढणं-उतरणं धरून एका खेपेला सहा-सात मिनिटं, म्हणजे तासाला नऊ खेपा. इंजिनावर आकाशकंदील लावला होता, आतला दिवा वेगळ्या छोट्या बॅटरीवर. मुख्य बॅटरीवरून दिवे घ्यायचे नाहीत. भाऊबीजेला गर्दी जास्त, भावंडं एकाच डब्यात हवी असतात. तीन वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस, आणि मग त्या डब्यात तीनच जण.

घसरण एकदाच, पाडव्याला सव्वासातला, इंजिनाचं पुढचं चाक. कारण रुळावर पडलेली फुलबाजीची जळकी तार. चाक तिच्यावर चढून बाजूला उतरलं. वेग कमी, कोणाला काही लागलं नाही. तेव्हापासून दर तीन खेपांनी एक जण काठीला बांधलेलं स्पीकरचं चुंबक घेऊन पूर्ण फेरा चालतो. पहिल्या फेरीत चुंबकाला एकोणीस तारा चिकटल्या.

चेन दोनदा उतरली. मुरमाची धूळ तेलात मिसळून चेन लांबते. ढिलाई १० मिमीच्या वर गेली की मोटर मागे सरकवायची, आणि चेनला तेलाऐवजी मेण.

१० नोव्हेंबर, रविवार

दुपारी एकला पश्चिमेकडच्या वळणावर रूळ १५ मिमी बाहेर सरकलेले आढळले. सकाळी सातला जागेवर होते. काळं लोखंड उन्हात ३०-३५ अंशांनी जास्त तापतं, त्याने ८६.८ मीटरचा फेरा सुमारे ३४ मिमी वाढतो. तीस जोडांतल्या १.५ मिमी फटींनी तो सामावून घ्यायला हवा होता. पण फटींत मुरूम ठासला होता आणि कोणीतरी नट पान्याने करकचून आवळले होते. नियम : नट हाताने घट्ट, मग पान्याचा पाव फेरा, वर दुसरा लॉकनट. रोज सुरू करण्याआधी पत्र्याच्या तुकड्याने प्रत्येक फट साफ.

१७ नोव्हेंबर, रविवार

मैदान रिकामं केलं. २० तारखेला विधानसभेचं मतदान, शाळेत केंद्र आहे. पॅनेलवर रंगाने क्रमांक घातले आणि प्रत्येकाच्या जोडाखाली कोणत्या जाडीचे काप होते ते वहीत उतरवलं. पुढच्या वेळी तीच जागा, तोच क्रम.

२२ आणि २५ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत सकाळी आठ ते अकरा. वहीतला क्रम वापरल्याने अंथरणं पावणेदोन तासांत झालं.

२२ ला पहिल्याच खेपेला इंजिन चढावर जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं. रुळांवर दव होतं. ओल्या रुळावर पकड १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १७६ न्यूटन, आणि चढावर लागतात २४३. वाळू टाकायचा मोह टाळावा, ती चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये जाते. २५ ला गाडीच्या मागे दोन्ही रुळांवर गोणपाट बांधून रिकामे तीन फेरे मारले, रूळ कोरडे झाले. तरी पहिल्या अर्ध्या तासात एकच भरलेला डबा जोडला, नऊ वाजता ऊन आल्यावर तिन्ही.

५ जानेवारी २०२५, रविवार

तपासणी. चाकांच्या फ्लॅंजची जाडी इंजिनावर ४.६ मिमीपर्यंत उतरली, पुढच्या बोगीच्या बाहेरच्या चाकांवर. गाडी नेहमी एकाच दिशेने वळते, म्हणून एकाच बाजूची झिजतात. बोगी उलट्या फिरवून बसवल्या. ४ मिमीला चाक बदलायचं. बेअरिंग दोन खरखरीत, बदलली. गार्डच्या ब्रेकची केबल लिव्हरपाशी दोन धागे तुटलेली मिळाली, तीही बदलली. ही केबल यापुढे प्रत्येक सुट्टीआधी नवी.

१७ क्रमांकाच्या पॅनेलचा दुसरा स्लीपर वेल्डवरून सुटला आहे. पॅनेल वेगळं काढून ठेवलं आहे, त्यावर खडूने खूण आहे. बाकीची रॉकेलने पुसून, माथ्यावर ग्रीसचा पातळ हात देऊन, गाळ्यात भिंतीला उभी. पुन्हा अंथरण्याआधी ग्रीस डिझेलच्या फडक्याने पूर्ण काढायचं.